एका चिरकारी रोगाचा इतिहास

शाळेच्या कामात तीस वर्षे घालविलेल्या माणसाने रक्तरोगावर लेखणी उचलावी, हे वाचकांस काहीसे चमत्कारिक वाटेल. आम्ही वैद्यकाचे पदवीधर नव्हे. इतिहास आणि मराठी हे आमचे विषय. परंतु सात वर्षांपूर्वी पोटातील जडपणाचे निमित्त होऊन आमच्या रक्ताची तपासणी झाली, आणि पांढऱ्या पेशींचा आकडा दीड लाखावर गेल्याचे निष्पन्न झाले. मज्जेच्या तपासणीनंतर रोगाचे नाव कळले : क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. डॉक्टरांनी 'रक्ताचा कर्करोग' हे शब्द उच्चारले आणि त्यापुढचे काहीच आमच्या कानांत शिरले नाही. घरी आल्यावर जुन्या सवयीने आम्ही या रोगाचा इतिहास शोधू लागलो. धीर कोठून येईल हे ठाऊक नव्हते; तो निदान सनावळीतून तरी येतो का, हे पाहावे असे वाटले.

'क्रॉनिक' या शब्दाला 'जुनाट' हा प्रतिशब्द सर्रास वापरतात. तो येथे नीट बसत नाही. रोग कळतो त्या दिवशी तो रुग्णाला अगदी नवा असतो. आयुर्वेदाच्या परिभाषेतील 'चिरकारी' हा शब्द आम्हांस अधिक समर्पक वाटतो. महाभारताच्या शांतिपर्वात चिरकारी नावाच्या गौतमपुत्राची कथा आहे. पित्याने मातेच्या वधाची आज्ञा केली असता हा मुलगा विचारच करीत बसला. तेवढ्यात पित्याला पश्चात्ताप झाला आणि माता वाचली. विलंबाने जीव वाचल्याची ही कथा या रोगाच्या इतिहासालाही काही अंशी लागू पडते.

१८४५ साली, थोड्या अंतराने, एडिंबरो येथे जॉन ह्यूज बेनेट व बर्लिन येथे रुडोल्फ व्हिर्खो यांनी या रोगाची वर्णने प्रसिद्ध केली. बेनेटचा रुग्ण अठ्ठावीस वर्षांचा, छपरांवर पाटीचा दगड बसविणारा कामगार होता. व्हिर्खोची रुग्ण पन्नाशीची स्वयंपाकीण. दोघांचीही पाणथरी अतोनात वाढलेली होती. रक्तात पू झाला असावा असे बेनेटला वाटले. व्हिर्खोने मात्र दिसले तेवढेच सांगितले, 'पांढरे रक्त', आणि १८४७ साली त्याचेच ग्रीक रूप योजून 'ल्युकेमिया' हे नाव दिले. कारण ठाऊक नसता कारणाचा आव न आणणारे हे नाव आम्हांस फार प्रामाणिक वाटते. अग्रक्रमाचा वाद पुढे बराच रंगला. त्यात शिरण्याचे प्रयोजन नाही.

यापुढील शतकाची कथा थोडक्यात उरकता येते. १८६५ पासून सोमलाचे द्रावण देण्यात येऊ लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी पाणथरीवर क्ष-किरण सोडण्यात आले. १९५३ साली लंडनमध्ये गॅल्टन यांनी बुसल्फानचे गुण दाखविले. या उपायांनी पाणथरी उतरे, अंगी थोडे बळ येई. पण काही वर्षांतच रोग उग्र रूप धारण करी आणि मग उपाय चालत नसे.

या काळातील एक प्रकरण मात्र आपल्या मुंबईशी निगडित आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली वेल्समध्ये ल्युकेमियाने निवर्तल्या. त्यांच्या स्मरणार्थ दोराबजींनी १९३२ साली न्यास स्थापन केला आणि त्याच वर्षी तेही गेले. न्यासाच्या उत्पन्नाचा मोठा भाग जगातील कोणत्याही देशात चालणाऱ्या ल्युकेमियाच्या संशोधनास द्यावयाचा, अशी योजना होती. पत्नीशोकात स्मारके पुष्कळांनी उभारली. परंतु तिला नेणाऱ्या रोगाचाच पिच्छा पुरविण्याचे हे स्मारक निराळे होते. परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली उभे राहिले, तेही याच घराण्याच्या दानातून.

रोगाचे मूळ सापडण्यास १९६० साल उजाडावे लागले. फिलाडेल्फिया येथील नोवेल आणि हंगरफोर्ड यांना रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. तो तुटलेला तुकडा गेला कोठे, हे शिकागोच्या जॅनेट रोली यांनी १९७३ साली दाखविले. गुणसूत्रांची छायाचित्रे कात्रीने कापून त्या घरच्या जेवणाच्या मेजावर जुळवीत बसत. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल केले आहेत, हे त्यांनी ओळखले. या अदलाबदलीतून उत्पन्न होणारे एक विकृत प्रथिन मज्जेला सतत पांढऱ्या पेशी बनविण्याचा हुकूम देत राहते. तो हुकूम थांबविणारे औषध निकोलस लायडन व त्यांचे सहकारी यांनी बाझेल येथे तयार केले आणि ब्रायन ड्रुकर यांनी जून १९९८ मध्ये रुग्णांना देण्यास प्रारंभ केला. इमॅटिनिब ते हेच. १९९९ च्या डिसेंबरात पुरेशी मात्रा घेतलेल्या एकतीसच्या एकतीस रुग्णांचे रक्त पूर्ववत झाल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी माँट्रियलमधील एका रुग्ण स्त्रीने हजारो सह्यांचा अर्ज कंपनीकडे पाठविला होता : औषध अधिक प्रमाणात बनवा, आम्हांला वेळ नाही. कंपनीने उत्पादन वाढविले. मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधास मान्यता मिळाली.

औषध निघणे एक आणि ते रुग्णाच्या हाती पडणे दुसरे. नोव्हार्टिस कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे एक लाख वीस हजार रुपये होता; देशी औषध आठ-दहा हजारांत मिळे. आमच्या पगारात पहिले केवळ अशक्य होते. २००३ साली कंपनीस विक्रीचा एकाधिकार मिळाला, तेव्हा काही देशी उत्पादकांना काम थांबवावे लागले. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने एकस्वास हरकत घेतली. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या एकस्व कार्यालयाने अर्ज फेटाळला. आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम व रंजना प्रकाश देसाई यांनी सर्वोच्च न्यायालयात तोच निर्णय कायम केला. निष्पक्षपणे हेही सांगितले पाहिजे की, याच कंपनीने मॅक्स फाउंडेशनच्या द्वारे २००२ पासून हजारो गरजूंस औषध विनामूल्य दिले. परंतु दान आणि हक्क यांत भेद आहे, असे आमचे मत आहे.

आज नियमाने गोळी घेणाऱ्या बहुतेक रुग्णांचे आयुर्मान सामान्य माणसाच्या जवळपास पोहोचले आहे. हे सर्व वाचून झाल्यावरही दीड वर्ष आम्ही आमचा रोग कोणास सांगितला नाही. मुलीचे लग्न व्हावयाचे होते. रात्री जेवणानंतर भांडेभर पाण्याबरोबर गोळी घ्यावयाची, हे फक्त पत्नीस ठाऊक होते. शेवटी तिच्याच आग्रहाने २२ सप्टेंबर रोजी मुंबईस रुग्णांच्या मेळाव्याला गेलो. नवव्या महिन्याची बावीस तारीख. त्या दोन गुणसूत्रांच्या क्रमांकांवरून हा दिवस ठरलेला आहे. तेथे लोक एकमेकांना नाव विचारण्याआधी 'तुमचा आकडा किती?' असे विचारीत होते. दर काही महिन्यांनी होणाऱ्या तपासणीत विकृत जनुकाचे प्रमाण किती निघाले, याविषयीचा तो प्रश्न. मुले निकालाच्या दिवशी गुण विचारतात, तसाच सूर. एक वृद्ध गृहस्थ नातवाला घेऊन आले होते. ते म्हणाले, "गुरुजी, गोळी चुकवू नका आणि माणसं चुकवू नका. मी दोन्ही चुकवून पाहिलं आहे."

सोमवारी आम्ही शिक्षकांच्या खोलीत सारे सांगून टाकले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग संस्कृतचे सहकारी म्हणाले, "म्हणूनच सर, दुपारी तुम्ही डोळे मिटून बसत होता होय! आम्हांला वाटे, रागावला आहात." दुसऱ्या दिवशी वेळापत्रक पाहिले, तो आमच्या नावावरील शेवटचा तास त्यांनी न विचारता आपल्याकडे घेतला होता.