दोन बोटे, २२ वर्षे

जॅकी मेसन हा अमेरिकन ज्यू विनोदवीर, जन्म १९२८चा. वडील रब्बी, तिघे भाऊ रब्बी, हाही रब्बीच झाला (आपल्याकडचे भिक्षुकाचे घर म्हणा ना!). पुढे प्रवचने सोडून लोकांना हसवायला उभा राहिला.

१८ ऑक्टोबर १९६४. एड सुलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात राष्ट्राध्यक्षांच्या भाषणाने वेळ खाल्ला. सुलिव्हनने कॅमेऱ्यामागून बोटांनी 'दोनच मिनिटे' असे खुणावले. मेसनने त्या बोटांचीच नक्कल केली. सुलिव्हनला ती अश्लील खूण वाटली आणि करार रद्द! मेसन कोर्टात गेला. १९६६मध्ये सुलिव्हनने माफी मागितली, पण माफी ऐकायला कोण थांबतो? आटलेली कामे आटलेलीच राहिली. १९८६मध्ये ब्रॉडवेवर एकपात्री प्रयोग लागला, तेव्हा कुठे दिवस फिरले. पुढच्याच वर्षी खास टोनी पुरस्कार मिळाला, आणि तोही त्याच यिडिश वळणाच्या इंग्रजीला, ज्याला पूर्वी काही ज्यूच नाके मुरडत.