१८७५ चा शेतकरी उठाव आणि कर्जरोखे

तथागतांनी अनाथपिंडिक गृहपतीला गृहस्थाची चार सुखे सांगितली. त्यांपैकी एक 'अनणसुख', म्हणजे कोणाचेही ऋण नसण्याचे सुख होय. हे सुख हरपले असता समाजाचे काय होते, याचा दाखला १८७५ च्या शेतकरी उठावात मिळतो. अहिल्यानगर शहरालगतचे केडगाव ज्या नगर तालुक्यात आहे तो, तसेच पारनेर, श्रीगोंदे व कर्जत हे तालुके या उठावाचे क्षेत्र होते. राज्यकर्त्यांनी त्याला 'दख्खनचे दंगे' म्हटले. त्याची कारणे पाहिली असता हे नाव अपुरे वाटते.

रयतवारी पद्धतीत सारा रोख व ठरल्या वेळी भरावा लागे. पाऊस मात्र ठरल्या वेळी येत नसे. त्यामुळे शेतकरी सावकाराच्या दारी गेला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाचा भाव चढला आणि कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळला, कर्ज मात्र राहिले. १८५९ च्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची केली. हेतू ऋणकोच्या हिताचा होता. परंतु सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. निरक्षर कुणबी त्याखाली नांगराची निशाणी करी. दिवाणी न्यायालय तोच कागद प्रमाण मानून हुकूमनामा देई.

उठावाचे कारण म्हणून सारावाढीचाही उल्लेख होतो. पुणे जिल्ह्याच्या काही तालुक्यांत १८६७ पासून फेरआकारणी झाली होती, हे खरे. परंतु नगर जिल्ह्यात ती तोवर झाली नव्हती, तरीही तेथे उठाव झाला. दोन्हीकडे समान होता तो कर्जाचा पाश.

आरंभ शिरूर तालुक्यातील कर्डे येथे झाला. डिसेंबर १८७४ मध्ये तेथील बाबासाहेब देशमुख यांच्यावर एका सावकाराने हुकूमनामा मिळविला, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी ठिणगी पडली. हे सुपे पारनेर तालुक्यातील नव्हे, तर तेव्हाच्या भीमथडीतील, आजच्या बारामती तालुक्यातील होय. तेथून लोण नगर जिल्ह्यात पोहोचले. जमाव येई, रोखे मागे आणि जाळी. जेथे ते मुकाट्याने मिळाले, तेथे सहसा नासधूस झाली नाही. माणसांना इजा क्वचितच झाली. इंग्लंडमध्ये १३८१ च्या उठावात शेतकऱ्यांनी जमीनदारांची दप्तरे अशीच जाळली होती. ज्या कागदाने बांधले, त्या कागदावरच रोष होता. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ जणांना अटक झाली आणि ५०१ जणांना शिक्षा झाली.

सरकारने चौकशी आयोग नेमला. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याने कर्जापायी होणारा तुरुंगवास बंद केला आणि रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयास दिला. शेतकऱ्याच्या या अवस्थेचे मूळ अविद्येत आहे, हे जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ मधील ग्रंथात मांडले.

तथापि त्याच गावकुसाबाहेर आणखी एक बंधन होते. कर्ड्याचा बहिष्कार झाला त्याच १८७४ साली वतन कायदा झाला आणि महारांच्या वंशपरंपरागत गावकामाला कायद्याची चौकट मिळाली. या बंधनाचा रोखा सावकाराच्या पेटीत नव्हता, म्हणून तो कोणास जाळता आला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोतीविरोधी विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. कुळाची आणि वतनदार महाराची मुक्ती त्यांनी वेगळी मानली नाही. महार वतन अखेर १९५८ च्या कायद्याने संपले. १८७५ च्या उठावाने रोखा जाळला. परंतु गावगाड्यातील सर्वांचे ऋण फिटण्यास त्यानंतर आणखी ८३ वर्षांचा संघर्ष लागला, हे विसरता येणार नाही.