ध्वनिमुद्रिकेआधीचा आवाज

स्त्रीभूमिका म्हटले की आज बालगंधर्वांचेच नाव ओठी येते. परंतु १९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून उभे राहिले, तेव्हा ती भूमिका आधीच गाजलेली होती. १८८२ मध्ये बडोद्याहून मंडळीत आलेल्या भाऊराव कोल्हटकरांनी (१८६३-१९०१) शकुंतला आणि सुभद्रा आपल्या गळ्याने लोकप्रिय केल्या. पुढे ते पुरुषभूमिकांकडे वळले आणि 'शारदा'त (१८९९) कोदंड झाले.

भाऊराव १९०१ मध्ये निवर्तले. ग्रामोफोनसाठी भारतातले पहिले ध्वनिमुद्रण कलकत्त्यास झाले, ते १९०२ च्या अखेरीस. दोन वर्षांहूनही कमी अंतराने एक आवाज कायमचा निसटला. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका उरल्या; भाऊरावांविषयी केवळ आठवणी उरल्या. विस्मृती ही नेहमीच गुणवत्तेवरचा निवाडा नसते, हे येथे ध्यानात येते.

म्हणून अशा नटाचा शोध घेणाऱ्याने आठवणींतील स्तुतिपर विशेषणांवर विसंबून राहू नये. त्याने 'सौभद्र'ची संहिता उघडावी. सुभद्रेच्या वाट्याला आलेली पदे, त्यांच्या जागा आणि त्यांतून व्यक्त होणारे भाव पाहावेत. किर्लोस्करांच्या हाताशी कोणत्या प्रतीचा गळा होता, याचा अंदाज त्यांवरून बांधता येतो. नटाचे चरित्र अशा वेळी साहित्याच्या अभ्यासकालाच लिहावे लागते.