बोटीवर भाकरी कोण करतं?

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एकीनं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. परदेशातलं एक वयस्क जोडपं घरदार विकून कायमचं बोटीवर राहायला गेलंय. आज एक बंदर, चार दिवसांनी दुसरं. स्वयंपाक नाही, धुणं नाही, दुखलं-खुपलं तर डॉक्टर बोटीवरच. बाया बघतच राहिल्या. तेवढ्यात मागून एका आजींनी विचारलं, "तिथं भाकरी कोण करतं गं?"

आजचं बोलणं या प्रश्नावर.

त्या जोडप्याला हसू नका. चाळीस वर्षं चुलीपुढं बसलेल्या बाईला आयतं ताट मिळणार असेल, तर आपल्यातलीही एखादी तयार होईल. 'द वर्ल्ड' नावाची बोट २००२ पासून पाण्यावर आहे. तिच्यात १६५ घरं आहेत, आणि बोट कुठं न्यायची हे घरमालक मिळून ठरवतात. म्हणजे त्यांचाही एक गटच म्हणा! फक्त त्या गटात भाकरी करणाऱ्याला मत नाही. अडचणीही आहेत. डॉक्टर असला तरी मोठ्या आजाराला किनारा गाठावा लागतो. चहूकडे समुद्र, पण प्यायचं पाणी बोटीला यंत्रानं तयार करावं लागतं, नाहीतर बंदरात भरून घ्यावं लागतं. पाण्याचं आपल्याला काय सांगायचं? २०१६ च्या एप्रिलात लातूरसाठी पाण्याची रेल्वे आपल्या येडशीवरूनच गेली.

आता भाकरीकडे येऊ. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या आगबोटी वाढल्या. त्या चालवायला माणसं लागायची. रत्नागिरीकडची माणसं खलाशी म्हणून जायची. त्यांच्यावर तांडेल, त्याच्यावर सारंग. खाली भट्टीत कोळसा टाकणारा तो आगवाला. स्वयंपाकघरात आणि जेवण वाढायला बहुतेक गोव्याची माणसं. तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे होता आणि तिथं रोजगार कमी. शिवाय गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला साहेबाचं जेवण रांधायला सोवळ्या-ओवळ्याची आडकाठी नव्हती. या सगळ्यांना पगार मात्र गोऱ्या खलाशाच्या मानानं कितीतरी कमी. खऱ्या अर्थानं जन्म बोटीवर काढला तो या लोकांनी. कोकणीत त्यांना तारवटी म्हणतात.

आणि बघा, जन्म बोटीवर काढणाऱ्या या माणसांनी जमिनीवर जागा केली. बोट मुंबईला लागली की दुसरी मिळेपर्यंत राहायचं कुठं? म्हणून गावकऱ्यांनी वर्गणी काढून मुंबईत 'कूड' उभी केली. कूड म्हणजे कोकणीत खोली. ज्या त्या गावाची आपली कूड, धोबीतलाव आणि माझगावच्या बाजूला. भिंतीला लागून प्रत्येकाची ट्रंक, रात्री जमिनीवर अंथरूण, कोपऱ्यात गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. भाडं नाममात्र, नियम कडक. नवीन पोरगा गावाहून आला की त्याला काम कुठं मिळेल ते इथंच कळायचं. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत अशा कुडी आजही आहेत. आपण महिन्याची बचत गोळा करतो, तिचंच हे जुनं भावंडं म्हणायला हरकत नाही.

पण कूड बाप्यांची. बायका गावात. तारवट्याचा पैसा यायचा, माणूस यायचा नाही. शेत, पोरं, सासू-सासरे, आजारपण सगळं तिनंच बघायचं. बोटीवरच्या संसाराचा अर्धा भार असा किनाऱ्यावर होता. या बायकांबद्दल फार कमी लिहिलं गेलंय, याचा आम्हाला राग येतो. ऊसतोडीला धनी गेला की मागं राहिलेल्या सुनेला हे समजावून सांगायची गरज नाही.

२०२० मध्ये तर किनाऱ्यानंच दार लावलं. फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' ही बोट अडकली. बोटीवर ३,७११ माणसं, त्यातल्या सातशेहून अधिक जणांना करोना झाला. प्रवाशांना खोलीत बसवून ठेवलं, पण त्यांच्या दारात ताट पोचवणारे कामगार कामावरच, आणि त्यांच्या खोल्या दोघा-चौघांत. त्यात आपल्या देशातली पोरं-पोरीही होती. एप्रिलात 'मरेला डिस्कव्हरी' बोटीवरचे दीडशेच्या आसपास भारतीय कर्मचारी मुंबईच्या समोर येऊन थांबले होते. शहर डोळ्यांना दिसतंय आणि उतरता येत नाही. २३ एप्रिलला त्यांना उतरू दिलं.

पैसेवाल्यांचंही सगळं बरं चालतं असं नाही. २०२३ मध्ये एका कंपनीनं तीन वर्षांच्या जगसफरीचं बुकिंग घेतलं. निघायच्या ऐन तोंडावर सफर रद्द, कारण बोटच विकत घेतली गेली नव्हती! काहींनी तोवर राहती घरं विकली होती.

हे सगळं आज काढायचं कारण वेगळं आहे. हॉटेलचं शिकलेल्या पोरांना 'क्रूझवर लावतो, अमुक लाख आणा' म्हणणारे एजंट आपल्याही भागात भेटतात आणि आया गटाकडं कर्ज मागायला येतात. नोकरी खरी असू शकते, पगारही बरा असतो. पण एजंटाकडं मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना हवा. त्याला आरपीएसएल म्हणतात आणि परवानाधारकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर बघता येते. नोकरी लावायचे म्हणून खलाशाकडून पैसे घ्यायला कायद्यानं बंदी आहे. पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी आणि सीडीसी म्हणजे खलाशाचं पुस्तक, एवढाच खर्च आपला. करारात महिने किती लिहिलेत तेही वाचायचं. बारा महिने व्हायच्या आत मालकाच्या खर्चानं घरी परतण्याचा हक्क पोराला आहे.

ज्यांच्या घरी असा कागद आला असेल, त्यांनी तो पुढच्या बैठकीला घेऊन यावा. कर्जाचा अर्ज त्यानंतर भरू.