गाडगेबाबांची एक श्रोती

वऱ्हाडांत चांदूर नांवाचीं प्रसिद्ध गांवें दोन. एक रेल्वेचें, दुसरें बाजाराचें. आमचें तें बाजाराचें. पूर्णा नदी आमच्या तालुक्यांतून वाहत पुढें ऋणमोचनास जाते, आणि तेथील मुद्गलेश्वराच्या पौषांतील जत्रेस आमच्याकडील माणसें पूर्वीं बैलगाड्या जुंपून जात. अशाच एका गाडींतून गेलेल्या मुलीनें 1950 च्या सुमारास गाडगेबाबांचें कीर्तन ऐकलें. ती आमची आत्या. गाणाराचें वर्णन पुष्कळ जण लिहितात; ऐकणाराची हकीकत सहसा कोणी लिहून ठेवीत नाहीं. म्हणून हा प्रपंच.

बाबा त्या वेळीं पंचाहत्तरीच्या घरांत होते. 23 फेब्रुवारी 1876 रोजीं शेणगांवीं परिटाच्या कुळांत जन्मलेला डेबूजी झिंगराजी जानोरकर 1905 सालीं घर सोडून निघाला, तो पुढें अर्धें शतक फिरतच राहिला. अंगावर चिंध्या, डोक्यावर खापर, हातांत खराटा. दिवसां गांव झाडावें व रात्रीं कीर्तनास उभें राहावें, हा त्यांचा क्रम. सरकारनें 2000 सालीं त्यांच्या नांवें ग्रामस्वच्छतेचें अभियान सुरू केलें, तेव्हां खराट्यास त्याचा मान मिळाला. कीर्तनाकडे मात्र आम्हां सुशिक्षितांचें लक्ष अजून जावें तसें गेलेलें नाहीं.

नारदीय कीर्तनाचे पूर्वरंग-उत्तररंग, पेटी-तबला, साकी-दिंडी, हा थाट तेथें नव्हता. अक्षरओळख नसलेले बाबा तुकोबा-कबिरांचीं वचनें मुखोद्गत म्हणत, आणि मध्येंच थांबून समोरच्या गर्दीस वऱ्हाडींत प्रश्न टाकीत. कर्ज काढून लग्न करावें काय? देवापुढें बकरें कापावें काय? पोरास शाळेत घालावें कीं नाहीं? गर्दीनें उत्तर द्यावें आणि मग कीर्तन पुढें सरकावें. गुरुकुंज मोझरीस तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐकावयास समुदाय रांगेनें, शांत बसे. येथें गप्प राहण्याची सोयच नव्हती. हे प्रश्न म्हणजेच त्या कीर्तनाचा ताल, असें म्हटलें तर संगीताचे जाणते आमच्यावर रागावतील. रागावोत!

आत्यास आम्हीं एकदां विचारलें, "बाबांचा आवाज कसा होता?" ती म्हणाली, "कसा राहीन? घरच्या म्हाताऱ्यासारखा." तिच्या स्मरणांत राहिलें होतें तें निराळेंच. थोरल्या बहिणीच्या लग्नासाठीं आमच्या आजोबांनीं त्याच वर्षीं शेत गहाण टाकलें होतें. लग्नाच्या कर्जाचा प्रश्न आला तेव्हां भोंवतालच्या शेंकडों माणसांनीं एका आवाजांत "नाई!" म्हटलें, आजोबांनीं तेवढें म्हटलें नाहीं. ते खालीं मान घालून जमिनीवर काडीनें रेघा ओढीत बसले. कीर्तन संपलें, लोक पायां पडावयास उठले, तों बाबा निघूनही गेले होते. परतीच्या वाटेवर गाडींत आजोबा एक शब्द बोलले नाहींत. चार वर्षांनीं आत्याचें लग्न झालें तें दारापुढच्या मांडवांत, घरच्या डाळभातावर. "बाबानं माही वाजंत्री बुडवली," असें ती शेवटपर्यंत म्हणे, आणि हंसे. तिला ती रुखरुख होती कीं अभिमान, हें आम्हांस कधीं नीट कळलें नाहीं.

8 नोव्हेंबर 1956 रोजीं मुंबईस बांद्र्याच्या पोलीस ठाण्यांत झालेलें बाबांचें कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलें आहे. तें त्यांचें अखेरचें कीर्तन मानतात. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनीं, 20 डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगांव येथें पेढी नदीपाशीं त्यांनीं देह ठेवला. पुढें बऱ्याच वर्षांनीं त्या कीर्तनाची कॅसेट आमच्या घरीं आली. आत्या तेव्हां साठीच्या आसपास होती. ओसरीवर सुपांत ज्वारी निवडीत बसली होती. यंत्रांतून तो थकलेला आवाज सुरू झाला तशी तिनें मान वर केली नाहीं, हातही थांबविला नाहीं. आम्ही कान देऊन, अगदीं सभ्यपणें ऐकत होतों. बाबांनीं पहिला प्रश्न टाकला, आणि बांद्र्याच्या श्रोत्यांचें उत्तर यंत्रांतून येण्यापूर्वींच सुपावरून खणखणीत आवाज आला, "नाई जी!"

मग तिनें आमच्याकडे पाहिलें. "तुमी काहून गप बसले रे?"