त्रैक्य आणि समता

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. तीन असून देव एकच. हे कोडे पंडितांचे, कामगारांना त्याचे काय, असे आम्हांला वाटे. इ. स. ३२५ मध्ये निकाया येथील धर्मपरिषदेने पुत्र हा पित्याच्याच तत्त्वाचा ठरविला. १९८० साली जर्मनीच्या युर्गेन मोल्टमान यांनी बजावले की, स्वर्गात एकटा सम्राट कल्पिला तर पृथ्वीवरच्या हुकूमशहांना बळ मिळते. ब्राझीलमधील लष्करी राजवट १९८५ साली संपली. पुढच्याच वर्षी तेथील लिओनार्दो बॉफ यांनी त्रैक्य हा समतेच्या समाजाचा नमुना मानला : थोरला-धाकटा नाही, कोणी कोणात विरघळतही नाही. माणसाने आपलेच स्वप्न देवावर लादले काय, ही टीकाकारांची शंका रास्त आहे. पण एकजूट हवी आणि प्रत्येकाचा आवाजही हवा, हा पेच आम्हांला संघटनेत रोज पडतो. म्हणून ते कोडे आता परके वाटत नाही.