सीताफळ ते हार्मोन

कमल रणदिवे हे नाव ऐकलंय? जन्म १९१७, पुणे. एमएस्सी केली चक्क सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींवर! मग मुंबईत डॉ. खानोलकरांकडे कॅन्सर, १९४९ला पीएचडी. बाल्टिमोरला जॉर्ज गाय (हो, हेला पेशीवाले) यांच्याकडे शरीराबाहेर पेशी वाढवायला शिकल्या आणि परतून मुंबईत तशी प्रयोगशाळा उभारली.

उंदरांमधल्या स्तनाच्या कॅन्सरचा माग काढताना त्यांना दिसलं, की अंतःस्रावी ग्रंथी रक्तात सोडतात ते हार्मोन, आनुवंशिकता आणि विषाणू यांचं आपसात साटंलोटं असतं. आम्हा कोडवाल्यांना बग एकाच मॉड्यूलमध्ये सापडला की हायसं वाटतं. बाईंनी तो मॉड्यूल्सच्या मधे शोधला!

१९८२ला पद्मभूषण मिळालं. मला मात्र १९७३ मोठं वाटतं. त्या साली त्यांनी इतर जणींसोबत महिला वैज्ञानिकांची संघटना काढली. वाशीत पुढे तिचं वसतिगृह झालं, पाळणाघरसुद्धा.